सिलिकॉनचे साचे घ्यावेत का? ओटीजीत रोज भाजणाऱ्यांनी सांगा

रवाळ (सांगली)

विश्रामबागला राहते. घरात २८ लिटरचा ओटीजी (विजेवरची छोटी भट्टी) आहे आणि चार वर्षं ॲल्युमिनियमच्या टिनातच केक करते आहे. गेल्या रविवारी मुलाचा वाढदिवस होता. दह्यातला रवा केक केला, बिनअंड्याचा. टिनाला लोणी लावलं होतं, मैदा भुरभुरला होता, तळाला बटर पेपरही होता. ताटलीवर उलटा केला तर निम्मा केक ताटलीत आला आणि निम्मा टिनाच्या कडेला धरून राहिला. मुलगा काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. शेवटी तुकडे वाट्यांत घालून वर आईस्क्रीम घातलं आणि वाढदिवस साजरा केला. पण त्याचं ते बघणं अजून डोळ्यापुढून जात नाही.

मोठ्या जाऊबाई म्हणतात, सिलिकॉनचे साचे घे, बोटाने ढकललं की केक बाहेर. आमच्या ह्यांचं म्हणणं, रबर तापवून त्यातलं पोरांना खायला घालायचं का? मला दोघांचंही पटतं म्हणून इथे विचारते. खरंच चिकटत नाही का? भाजणी कशी होते? आणि तब्येतीला धोका आहे का? वापरलेलं असेल त्यांनीच सांगावं ही विनंती.

पोवईनाका (सातारा)

ताई, वाढदिवसाचा केक मोडल्याचं दुःख मला ठाऊक आहे. मी नऊ वर्षं घरून केकच्या ऑर्डरी घेते. माझ्याकडे दोन्ही प्रकारची भांडी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तीन वर्षांपूर्वी मला हीच शंका होती, तेव्हा एका रात्री एकाच घाण्याचं मिश्रण दोन भांड्यांत वजन करून घातलं. एक सात इंची ॲल्युमिनियमचा टिन, दुसरा त्याच मापाचा सिलिकॉनचा साचा. दोन्ही १८० अंशांवर. टिनातला केक ३५ मिनिटांत झाला. सिलिकॉनमधल्यात सुरी घातली तर ३५ व्या मिनिटाला मध्ये ओला गर लागला. त्याला अजून सात-आठ मिनिटं लागली. दोन्ही थंड करून मधोमध कापले आणि शेजारी शेजारी ठेवले. टिनातल्याच्या तळाला आणि कडेला बिस्किटी रंगाची पातळ साल धरली होती, तिला भाजल्याचा वास होता. सिलिकॉनमधल्याचा माथा लाल, पण कडा आणि तळ पांढुरके, मऊ, हाताला किंचित दमट. वाफवल्यासारखे. चवीला वाईट मुळीच नव्हता, पण माझ्या सासूबाईंनी पहिल्याच घासाला विचारलं, "हा कच्चा राहिलाय का गं?"

कारण साधं आहे. ॲल्युमिनियम उष्णता झटकन पुढे पाठवतं, सिलिकॉन अडवून धरतं. उष्णता वाहून नेण्यात दोघांत हजारपटीच्या आसपास फरक आहे. त्या गुणामुळेच आपण गरम भांडी धरायला सिलिकॉनचे पकड-हातमोजे वापरतो. जे हाताला चटका बसू देत नाही ते केकच्या तळालाही चटका बसू देत नाही. खरपूसपणा हवा असेल तिथे हे नुकसान आहे. पण जिथे कडा करपायची भीती असते, म्हणजे छोटे मफिन, कपकेक, ब्राउनीचे चौकोन, तिथे हाच गुण कामाला येतो.

चिकटण्याचं म्हणाल तर खरंच चिकटत नाही, पण घाई करायची नाही. ओटीजीतून काढल्यावर निदान पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. गरम असताना साचा वाकवला तर केकही साच्याबरोबर वाकतो आणि मध्ये चिरतो. बिनअंड्याचा तर हमखास. गार झाला की आधी कडा बाहेरच्या बाजूला ओढून हवा जाऊ द्यायची, मग तळातून अंगठ्याने वर ढकलायचं.

अजून एक. मोठा लांबट साचा घेऊ नका. पाऊण किलो मिश्रण घातलं की त्याच्या दोन्ही बाजू फुगतात, केकला पोट सुटतं आणि ब्रेडसारखे सरळ काप पडत नाहीत. आणि काहीही भरण्याआधी साचा जाळीच्या ट्रेवर ठेवा. भरलेला साचा हातात उचलला की मधून लवतो आणि सगळं ओट्यावर. जाळीच का, तर सपाट पत्र्यावर ठेवला की खालची आच आणखी अडते.

हळदपेठ (सांगली)

मी ढोकळा आणि इडली करते सिलिकॉनच्या वाट्यांत. वाफेला एक नंबर. तेलाचं बोट फिरवलं की पुरे, उलटी केली की टपकन पडते. पण आपली सांगलीची हळद! पहिल्याच ढोकळ्याला सहाही वाट्या पिवळ्या झाल्या. साबण, लिंबू, सोडा, सगळं करून झालं. मग गच्चीवर उन्हात ठेवल्या दोन दिवस, रंग उडाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, कपड्यांवरचा डागही असाच जातो. पिवळी पडली म्हणून वाटी वाईट झाली असं काही नाही.

साचेवाला (कुपवाड)

रवाळताई, मी कुपवाड एमआयडीसीत रबर मोल्डिंगच्या कामात बावीस वर्षं आहे. सिलिकॉनचे गॅस्केट, ओ-रिंग, नळ्या हेच रोजचं काम. केकचे साचे आम्ही करत नाही, त्यामुळे विकण्यात माझा काही फायदा नाही. तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो.

हे टायरचं रबर नाही. टायरच्या रबराचा कणा कार्बनचा असतो. सिलिकॉन रबराचा कणा म्हणजे सिलिकॉन या मूलद्रव्याचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, पुन्हा सिलिकॉनचा, अशी साखळी. वाळूतही हीच जोडी असते. हा बंध मजबूत असल्यामुळे ते दोनशे अंशांवरही वितळत नाही आणि दही-लिंबासारख्या आंबट पदार्थाशी त्याची काही क्रिया होत नाही. साध्या ॲल्युमिनियमची होते. टिनात लिंबाचा केक रात्रभर ठेवून बघा, सकाळी टिनाला काळपट डाग दिसतील.

आता खरी गोम. कच्चं सिलिकॉन कणकेसारखं मऊ असतं. ते साच्यात दाबून, तापवून पक्कं करतात, त्याला आम्ही क्युअरिंग म्हणतो. ते दोन तऱ्हेने होतं, पेरॉक्साइड घालून किंवा प्लॅटिनम घालून. पेरॉक्साइड स्वस्त पडतं, पण मागे त्याचे वासाचे अवशेष राहतात. प्लॅटिनम महाग, पण ते अवशेष नाहीत. मात्र कुठल्याही पद्धतीने केलं तरी आत साखळीत न जुळलेले छोटे रेणू थोडे उरतातच. ते बाहेर काढायला तयार माल भट्टीत पुन्हा तापवावा लागतो. त्याला पोस्ट क्युअर म्हणतात, साधारण २०० अंशांवर ४ तास. जर्मनीच्या सरकारी जोखीम-मूल्यांकन संस्थेची शिफारस अशी आहे की, २०० अंशांवर ४ तास ठेवल्यावर मालातून उडून जाणारा भाग ०.५ टक्क्यापेक्षा जास्त नसावा.

चार तास भट्टी चालवायची म्हणजे विजेचं बिल. स्वस्तातला माल करणारा नेमकी हीच पायरी गाळतो. तो साचा तुम्ही घरी आणता, केक भाजता, आणि ते रेणू तुमच्या ओटीजीत, काही केकमध्ये उतरतात. त्यांना तूप-लोणी फार प्रिय. पदार्थ जितका तुपकट आणि आच जितकी जास्त, तितकं जास्त उतरणार. युरोपीय संघाने २०१८ मध्ये यातल्या डी-४, डी-५ आणि डी-६ या तीन रेणूंना अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत घातलं. मुख्य कारण ते निसर्गात टिकून राहतात आणि सजीवांत साठतात हे. त्यातल्या डी-४ वर प्रजननक्षमतेला बाधा आणण्याचा संशय असलेला पदार्थ असा शिक्काही आहे. म्हणजे एक केक खाल्ला आणि आजारी पडलो असा हा प्रकार नाही. पण लहान मुलांच्या घरात आपण होऊन कमी करता येत असेल तर का करू नये?

आणि ते करता येतं. नवा साचा गरम पाण्याने साबण लावून धुवा, पुसा, आणि ओटीजीत रिकामाच तासभर २०० अंशांवर तापवा. आधी साच्यावर लिहिलेली मर्यादा बघा, ती २२० किंवा २३० असेल तरच. खिडकी उघडी, पंखा चालू, मुलं दुसऱ्या खोलीत. मग गार करून पुन्हा धुवा. हे दोनदा केलं तर आणखी चांगलं. दर तापवणीला ते उडणं कमी होत जातं.

रवाळ

दादा, किती मनापासून लिहिलंत. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आता ते विचारतायत की दुकानात चांगलं-वाईट ओळखायचं कसं? साचा पिळून बघायचा, पांढरी रेघ दिसली तर भेसळ, असं एका व्हिडिओत होतं.

साचेवाला

पिळून बघण्यावर भरवसा ठेवू नका. चांगल्या सिलिकॉनमध्येही ताकदीसाठी सिलिकाची (वाळूसारख्या द्रव्याची) बारीक पूड घालावीच लागते, आणि लाल-निळ्या रंगाचा माल ताणला की फिका दिसतोच. उलट भेसळीचा पांढरा साचा पिळला तर काहीच दिसणार नाही.

मी स्वतः काय बघतो ते सांगतो. नाकाशी धरतो. नव्या साच्याला रॉकेलसारखा किंवा उग्र आंबूस वास असेल तर परत. हाताला तेलकट-चिकट लागला तर परत. भिंत कागदासारखी पातळ असेल तर परत. पाकिटावर करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि किती अंशांपर्यंत चालतो हे छापलेलं नसेल तर हातच लावत नाही. नुसतं 'फूड ग्रेड' हे दोन शब्द कोणीही छापू शकतो. प्लॅटिनम क्युअर लिहिलेलं असेल आणि परवडत असेल तर तेच घ्या.

अजून एक, ओटीजीबद्दल. आपल्या छोट्या ओटीजीत वरचा रॉड साच्यापासून चार बोटांवर असतो. काटा १८० वर असला तरी रॉडजवळ त्याहून कितीतरी जास्त ताप असतो. त्यामुळे साचा मधल्या किंवा खालच्या खाचेत, रॉडला कुठेही न टेकता. नुसता वरचा रॉड लावून ग्रिल करायचं असेल तेव्हा सिलिकॉन बाहेर काढायचं. गॅसच्या उघड्या ज्योतीवर तर कधीच नाही. मायक्रोवेव्हला आणि कुकरला हरकत नाही, कुकरमध्ये फार तर १२० अंशांच्या आसपास जातं.

काठावरची (सांगली, गावभाग)

मी बेकिंग जाणकार नाही, पण एक अनुभव इथे लिहायलाच हवा, कारण आपल्या गावाला तो लागू आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचा तळमजला छतापर्यंत बुडाला. पाणी उतरल्यावर भांडी गोळा केली. पत्र्याचे केकचे टिन गंजून गेले होते, ते टाकले. स्टील, पितळ, जाड ॲल्युमिनियम घासून, उकळून, उन्हात वाळवून पुन्हा वापरात घेतलं. सिलिकॉनचे बारा कप होते, भाचीने पुण्याहून पाठवलेले. ते दिसायला अगदी नव्यासारखे! गंज नाही, चरा नाही. मला आनंद झाला की काहीतरी वाचलं. घासले, उकळले, महिन्याने त्यात कपकेक केले. ओटीजी तापला आणि सगळ्या घरात डिझेलचा वास. त्या पुराच्या पाण्यावर गाड्यांचं तेल तरंगत होतं ना, तो वास त्या कपांनी आत ओढून घेतला होता. पुन्हा तीनदा उकळले, सोड्यात ठेवले. वास गेलाच नाही. केक आणि कप दोन्ही टाकून दिले.

२०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा सिलिकॉनची चमचे-उलथणी सगळ्यांत आधी माळ्यावर नेली. पुराचं पाणी लागलेलं सिलिकॉन, लहान बाळाच्या बाटलीचं बूच असो की केकचा साचा, ठेवू नका. दिसण्यावर जाऊ नका.

साचेवाला

काकू, तुमचं शंभर टक्के बरोबर. डिझेल-पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं, तेल आत शिरतं. आमच्याकडे इंधनाच्या पाइपला म्हणून साधं सिलिकॉन कधी वापरत नाहीत. हा अनुभव लिहिलात ते फार बरं केलंत.

बिडाचातवा (तासगाव)

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे, ते स्पष्ट लिहितो.

जे भांडं घरी आणल्यावर दोन-दोन तास खिडक्या उघडून रिकामं तापवायचं, ते आणायचंच कशाला? माझी आई दिवाळीत रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत घालून बेकरीत न्यायची. ओळखीचा भट्टीवाला समोर नानकटाई पाडून पत्र्याच्या ट्रेवर भाजून द्यायचा. डबा भरून घरी यायचा, तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच कळायचं. त्या नानकटाईला खाली जी तांबूस खरपूस टिकली असायची ती पत्र्यामुळे. सिलिकॉनच्या चटईवर मी करून बघितली आहे. तळ पांढरा, आणि तूप चटईत मुरल्यासारखं, चार धुण्यांनंतरही हाताला बुळबुळीत.

आणि टिकण्याचं म्हणाल तर आईचे ट्रे तीस वर्षांचे आहेत. ॲल्युमिनियम निकामी झालं की भंगारवाला किलोवर पैसे देऊन नेतो. सिलिकॉनचा फाटका साचा त्याला देऊन बघा, हात लावत नाही. तो शेवटी कचऱ्यातच जाणार. रवाळताईंचा केक चिकटला त्याला टिनाचा दोष नाही. बटर पेपर तळाला होता, कडेला नव्हता. कडेलाही उभी पट्टी लावली असती तर सुटला असता.

पोवईनाका

दादा, नानकटाईबद्दल एक शब्दही खोडत नाही. नानकटाई, खारी, पाव, पिझ्झा, ज्या ज्या गोष्टीला खालून कडक व्हायचं आहे ती पत्र्यावरच. तुपकट पदार्थ आणि मोठी आच एकत्र आली की मीही सिलिकॉन वापरत नाही, त्यात साचेवाले दादांनी सांगितलेलं कारणही आलं. कडेच्या कागदाचंही पटलं.

पण सगळं त्याच तराजूत घालू नये. हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी साताऱ्यात गाड्यांवर येते, तेव्हा मी तिचा गर सिलिकॉनच्या छोट्या साच्यांत फ्रीजरमध्ये गोठवते. जेली, पॅना कोटा (सायीचा थंड गोड पदार्थ), बर्फ, हे काम पत्र्याला जमतच नाही. साचा उलटा करून बाहेरून दाबला की गोळा अख्खा येतो. थंडात त्या रेणूंची भीतीही जवळपास नाही. चॉकलेटही निघतं, फक्त त्याला आरशासारखी चकाकी हवी असेल तर पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक प्लॅस्टिकचा, साचा लागतो, सिलिकॉनमधलं थोडं मंद दिसतं.

गणपतीत एक चूक मी केली होती, ती तुम्ही करू नका. खव्याचे मोदक सिलिकॉनच्या साच्यात दाबले. साचा अंगठ्याखाली लवतो, त्यामुळे खवा घट्ट बसत नाही आणि पाकळ्या भोंगळ्या येतात. दाबून करायचं ते कडक साच्यात, ओतून करायचं ते सिलिकॉनमध्ये.

तो बुळबुळीतपणा मात्र जातो. जुन्या तेलाचा थर असतो तो. कढत पाणी आणि खायच्या सोड्याची दाट पेस्ट लावून अर्धा तास ठेवायची, मऊ कापडाने घासायची, तारेच्या घासणीने नाही. सुवासिक साबणात भिजत घालून ठेवू नका, तो वास सिलिकॉन धरून ठेवतं आणि पुढच्या केकला लिंबाच्या साबणाचा स्वाद येतो. आणि साच्यात सुरी चालवायची नाही. एक चीर पडली की तिथूनच फाटत जातो.

गच्चीवरचीतुळस (कराड)

एअरफ्रायरवाल्यांसाठी. सिलिकॉनची टोपली मिळते ना आत ठेवायला, ती घेतली होती. साफ करायला सोपी खरी, पण बटाट्याच्या फोडी मऊच राहिल्या. खालच्या जाळीतून वारा फिरतो म्हणून तर कुरकुरीत होतं, आणि ही टोपली नेमकी तीच जाळी झाकते. आता तिच्यात फक्त रस्सा गरम करते.

रवाळ

सगळ्यांचे आभार. घेतले, आणि तीन आठवडे वापरून मगच लिहिते आहे.

मोठा साचा घेतला नाही. सुटे मफिन कप घेतले, बारा. मारुती रोडला दोन दुकानं फिरले. पहिल्या ठिकाणी ढिगातले सुटे होते, पाकीटच नाही. नाकाशी धरले आणि परत ठेवले. दुसऱ्या ठिकाणचे थोडे महाग, पण पाकिटावर नाव, पत्ता आणि २३० अंश छापलेलं. घरी आणून धुतले, ह्यांनीच ओटीजी लावला. २०० वर एक तास, खिडकी उघडी. पहिल्या वीस मिनिटांत वास आला, नव्या रेनकोटसारखा. ते म्हणाले, हाच केकमध्ये गेला असता ना? दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर तापवले. तेव्हा ओटीजीच्या दाराशी नाक नेलं तरच कळत होता.

पहिला घाणा तोच, दह्यातला रवा केक. लोणी जवळपास नाहीच, सूर्यफुलाचं तेल थोडं, वर तासगावचे बेदाणे. कप जाळीवर मांडले, प्रत्येकात दोन मोठे चमचे, १७० वर २२ मिनिटं. मग घड्याळ लावून पंधरा मिनिटं कोणाला हात लावू दिला नाही. मुलाला सांगितलं, तू काढ. त्याने एका कपाची कड ओढली, तळातून ढकललं, आणि अख्खा केक त्याच्या तळहातावर. बाराच्या बारा निघाले. कडा फिक्या आहेत, पोवईनाकाताई म्हणाल्या तशाच. रव्याच्या केकला ते चालतं, आत ओलसर राहिला.

बिडाचातवादादा, तुमचंही ऐकलं. केळ्याचा मोठा केक जुन्या टिनातच केला आणि कडेला उभी कागदाची पट्टी लावली. सुटला. त्याची खालची साल ह्यांनी आधी खाल्ली.

साचेवाला

ताई, दहा-बारा वेळा वापरून झाल्यावर एकदा रिकामे तापवून वास येतो का ते बघा. येत नसेल तर वापरत राहा. कप चिकट लागायला लागले किंवा चीर गेली तर मात्र बदला.

रवाळ

हो दादा. पाकीट जपून ठेवलंय, त्यावर पहिल्या वापराची तारीख लिहिली आहे.